मासा ठरवून बाजारात जाऊ नका: पुण्यात मासळी घेण्याचा क्रम

"मासळी महागली, परवडत नाही" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, घरातून निघतानाच मासा ठरला होता का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, पापलेट." हिशोब तिथेच बिघडतो. रविवारी सकाळी अख्खं पुणं त्याच चार नावांमागे धावतं: पापलेट, सुरमई, रावस, कोळंबी. घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र नाही, त्यामुळे डिझेल, बर्फ आणि हमाली किलोच्या भावावर चढणारच. त्यात सगळे एकाच पाटीवर तुटून पडले की विक्रेत्याला भाव सांगायचीही घाई नसते. समुद्रातसुद्धा याच चार-पाच जातींमागे सगळ्यात जास्त जाळी लागलेली असतात.

माझं माहेर दापोलीकडचं. धनकवडीत येऊन बावीस वर्षं झाली. खाली दिलेला क्रम मी पैसे वाया घालवूनच शिकले.

## १. आधी पदार्थ ठरवा

मासा नंतर. घरात चार माणसांना काय खायचंय ते ठरवा: तव्यावरचा तुकडा, नारळाचं कालवण, कुरकुरीत काहीतरी, की भाताबरोबर झणझणीत तिखलं? एकदा पदार्थ ठरला की त्यात बसणारे तीन-चार मासे डोक्यात ठेवून निघा.

- तुकडी तळायची असेल तर सुरमईच्या जोडीला हलवा, कुपा, मोठा कटला.
- अख्खा मासा तव्यावर हवा असेल तर पापलेटऐवजी लेपा, सौंदाळे किंवा चांगला जाड बांगडा.
- कालवणाला राणीमासा, तारली, पेडवी, बांगडा. राणीमाशाकडे पुण्यात फार कुणी बघत नाही. खरं तर त्याचं मांस मऊ असतं, काटा सोपा असतो आणि मुलं मुकाट खातात.
- कुरकुरीत हवं तर मांदेली, नगली, बोंबील.

बांगडा, तारली हे मासे लवकर वाढतात, लवकर पिल्लं देतात. मोरी म्हणजे मुशी याच्या अगदी उलट: वयात यायला बरीच वर्षं, आणि पिल्लं मोजकी. मोरीचं मटण मलाही आवडतं, पण गेली काही वर्षं मी ते घेत नाही.

तपासा: निघताना हातातल्या यादीत एकाच माशाचं नाव असेल तर यादी पुन्हा लिहा.

## २. मग कालनिर्णय बघा

आपल्या बाजारात भाव समुद्र जेवढा ठरवतो तेवढाच पंचांगही ठरवतं. बुधवार, शुक्रवार, रविवार गर्दीचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशीला गिऱ्हाईक कमी. म्हणून एकादशीला मासा स्वस्त मिळेल, हे अर्धंच खरं आहे. उठाव कमी म्हणून माल कमी मागवलेला असतो, आणि आदल्या दिवशीचा उरलेलाही पुढे असतो. मला बुधवारची सकाळ सगळ्यात मानवते: माल नवा असतो, गर्दी रविवारच्या निम्मी.

वर्षाचा हिशोब असा लावा.

जून-जुलै. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. पूर्व किनाऱ्यावरची बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून पुण्यात दिसणारी सुरमई बहुधा आंध्रच्या किनाऱ्यावरून ट्रकने आलेली असते, नाहीतर शीतगृहातली. त्यात वाईट काही नाही. वाईट इतकंच की आपण तिला "आजची ताजी" समजून पैसे मोजतो. या दोन महिन्यांत नदीच्या आणि तळ्याच्या माशाकडे वळा.

आषाढ अमावस्या. गटारीच्या आदल्या दोन दिवसांत मासळी घेऊच नका. चिकन खा, पिठलं खा.

ऑगस्ट. नौका समुद्रात जायला लागतात, कोळंबी येऊ लागते, आणि नेमका श्रावण असतो. अर्धं शहर खात नाही. ज्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत त्यांनी वर्षभराची हौस या महिन्यात भागवावी. नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी साधारण असंच होतं. ३१ डिसेंबर जवळ आला की सगळं उलटं फिरतं.

## ३. घरून काय न्यायचं

बर्फ न्या. हे वाक्य वाचून लोक हसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या अंगात एक घटक असतो. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारखं उठतं, डोकं ठणकतं. लोक म्हणतात "मासा बाधला" किंवा "मला बांगड्याची ॲलर्जी आहे". बऱ्याचदा मासा बाजारातून चांगलाच आलेला असतो. तो स्कूटरच्या डिकीत एक तास शिजलेला असतो. एका एप्रिलमध्ये मीही हेच केलं: बांगडे डिकीत टाकले आणि मंडईत कैऱ्या निवडत बसले. संध्याकाळी घरात तिघांचे चेहरे टोमॅटोसारखे.

तर एक छोटा थर्माकोलचा डबा किंवा जाड इन्सुलेटेड पिशवी घ्या. आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवा. विक्रेत्याकडे चुरा बर्फ मागितला तर बहुतेक जण देतात. उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ लागतो. सोबत सुट्टे पैसे आणि पंधरा सेंटीमीटरची पट्टी. पट्टी कशाला, ते सहाव्या टप्प्यात.

सावधान: भाजी, किराणा, दूध सगळं आधी उरका. मासळी नेहमी शेवटी घ्यायची आणि तिथून सरळ घरी यायचं.

## ४. बाजारात पहिली फेरी हात मागे बांधून

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहाटे घाऊक व्यवहार होतो, मग किरकोळ. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात निवांतपणे बघता येतं, पण भाव थोडा चढा वाटू शकतो. कुठेही जा, पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. फक्त तीन गोष्टी बघायच्या.

पहिली: आज सगळ्यांकडे कोणता मासा ढिगाने आहे? ज्याची आवक जास्त तो ताजाही आणि स्वस्तही. पुण्याची वर्तमानपत्रं गणेश पेठेतले भाव छापतात: खोल समुद्रातली, खाडीची, नदीची मासळी अशा गटांनी. ते डोळ्यांखालून घालून आलात तर फेरी दहा मिनिटांत होते.

दुसरी: प्रत. पापलेट म्हणजे एकच भाव नसतो. कापरी, मोठे, मध्यम, भरलेले, लहान, भिला अशा प्रती असतात. कापरीचा भाव ऐकून भिला घरी नेणारे मी पाहिलेत. भाव विचारताना प्रतही विचारा.

तिसरी: नदीची बाजू. समुद्राची मासळी खाणारे बरेच जण तिकडे वळून बघत नाहीत. पुणे-सोलापूर रस्त्यावर शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे, उजनीच्या काठावर. तिथला कटला, रोहू, चिलापी, मरळ, वाम इकडे येतो. आंध्रातल्या तळ्यांतलाही कटला-रोहू बर्फात भरून येतो. विचारायचा प्रश्न एकच: "दादा, भिगवणचा की आंध्रचा?" भिगवणचा असेल तर प्रवास काही तासांचा असतो.

चिखलाचा वास येतो म्हणून गोड्या पाण्याचा मासा नको, असं म्हणणाऱ्यांनी तुकडे मीठ-हळद आणि चिंचेच्या कोळात किंवा ताकात वीस मिनिटं ठेवून धुवावेत. तो वास आंबटाने मोडतो.

सावधान: "पापलेट" म्हणून स्वस्तात मिळणारा, पोटाला लालसर झाक असलेला गोल मासा म्हणजे रूपचंद. तो गोड्या पाण्यातला, पाळलेला असतो. तोंड उघडून बघा, माणसासारखे दात दिसतील. खायला चालतो, पण पापलेटच्या भावाने नाही. मांगूर मात्र टाळाच. मोठा, काळपट, किलो-किलोचा मांगूर बहुधा परदेशी जातीचा असतो. तिच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि इंदापूर तालुक्यात अशी तळी प्रशासनाने नष्टही केली आहेत.

## ५. ताजेपणा: डोळ्यांवर थांबू नका

सगळे डोळे बघतात. पण बर्फाला टेकलेला डोळा चांगल्या माशाचाही धूसर होतो. शेवटचा शब्द कल्ल्यांचा.

"मावशी, कल्ला उघडून दाखवा ना."

"दाखवते की! बघा, कसा लालबुंद आहे."

कल्ले लाल किंवा गडद गुलाबी, ओलसर, वास समुद्राचा. तपकिरी, चिकट, आंबूस असेल तर पुढे चला. बोटाने दाबून बघा: खड्डा भरून आला पाहिजे. बांगड्याचं पोट फुटलेलं नको. अंग रबरासारखं कडक पण डोळे आत गेलेले, माशाचा वासच नाही, अशी विसंगती दिसली तर मी घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी.

बाकीच्यांच्या खुणा वेगळ्या. कोळंबीचं डोकं घट्ट, सांध्यात काळेपणा नको. ओल्या बोंबलाला गुलाबी झाक हवी, पिवळं पाणी सुटलेलं नको. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात किंवा टकटक केल्यावर मिटणाऱ्या. चिंबोरी, म्हणजे खेकडा, जिवंत आणि हाताला जड. पोटाच्या बाजूने अंगठ्याने दाबल्यावर कवच दबलं तर ती पोकळ आहे.

## ६. पट्टी काढा

आता लोक बघतील, बघू द्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुरे:

- पापलेट (सरंगा): १३५ मिलिमीटर. नेहमीच्या बॉलपेनाएवढं.
- बोंबील: १८० मिलिमीटर. माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
- सुरमई: ३७० मिलिमीटर. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा चांगली सात सेंटीमीटर मोठी.

याच्या खालचा मासा म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असण्याचीच शक्यता जास्त. पिल्लं खाऊन संपवली की पुढच्या वर्षी भाव कुणी वाढवले, हे विचारायला जागा राहत नाही. पैशाच्या दृष्टीनेही बारकं पापलेट तोट्याचं. काटा तेवढाच, मांस पापडाएवढं.

कोणत्या जाळ्याने पकडला, पर्ससीन की ट्रॉल, हे विचारून पुण्यात उपयोग नसतो. विक्रेत्यापर्यंत माल तीन हात फिरून येतो, त्यालाही ठाऊक नसतं. लांबी मात्र डोळ्यांसमोर असते.

गाभोळीबद्दल, म्हणजे पोटातल्या अंड्यांबद्दल, मला विचारू नका, माझं मन तिथे दुबळं आहे. इतकंच करते की गाभोळीची चिंबोरी शोधून मागत नाही.

## ७. किलोचा भाव विसरा, तुकड्याचा काढा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि जवळजवळ सगळे इथे चुकतात. पाटीवरचा भाव अख्ख्या माशाचा असतो. आपण खातो ते साफ केल्यानंतर उरलेलं. म्हणून दोन माशांची तुलना करताना आधी किती उरेल ते धरा. घरच्या काट्यावर चार-सहा वेळा तोलून माझे अंदाज असे बसले आहेत:

- कोळंबी सोलून, दोरा काढून: साधारण निम्मी.
- सुरमई, डोकं-शेपूट-आतडी वगळून तुकड्या: पाऊण.
- बांगडा, डोकं आणि पोट काढून: दोन तृतीयांशाच्या आसपास.
- कटला, डोक्याशिवाय: तितकाच किंवा थोडा कमी, कारण डोकं भलं मोठं.
- तिसऱ्या: शिंपल्यातून निघणारं मांस इतकं कमी की हा हिशोब न केलेलाच बरा. त्या चवीसाठी घ्यायच्या.

आता समजा कोळंबी ५०० रुपये किलो आणि सुरमई ८०० रुपये. कोळंबी स्वस्त वाटते. पण सोललेली कोळंबी पडली १००० रुपये किलो आणि सुरमईची तुकडी साधारण १०६५ रुपये. फरक जवळजवळ गेलाच, शिवाय सुरमईचं डोकं कालवणाला मिळालं ते वेगळं. २५० रुपयांचा बांगडा साफ होऊन पावणेचारशेच्या घरात जातो, म्हणजे दोन्हींच्या निम्म्याहूनही कमी.

आता माणसं मोजा. एका माणसाला साफ केलेला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मासा पोटभर होतो. चौघांना सहाशे ते सातशे ग्रॅम. म्हणजे बांगडा एक किलो पुरे, सुरमई आठशे-नऊशे ग्रॅम. कोळंबी नुसती खायची तर सव्वा किलोच्या वर लागेल. म्हणून आमच्याकडे कोळंबी कधी एकटी येत नाही. वांगं, बटाटा, शेवग्याच्या शेंगा, मोसमात कैरी, यातलं काहीतरी तिच्या सोबत असतंच, आणि अर्ध्या किलोत चार ताटं होतात. कोकणातल्या बायकांनी ही भाजी-कोळंबी चवीसाठी शोधली म्हणतात. मला वाटतं, खर्चाचा विचार त्यांनी आधी केला असणार.

मोबाईलवरून मागवत असाल तर पाकिटावर दोन वजनं असतात, साफ करण्याआधीचं आणि नंतरचं. मोठ्या अक्षरातलं बहुधा आधीचं असतं. नंतरच्या वजनाने किमतीला भागा आणि मगच बाजाराशी तुलना करा. कधी कधी घरपोच मासा महाग निघत नाही, हेही सांगायला हवं.

तपासा: तुकडीचा भाव तोंडी काढता आला का? नसेल तर घासाघीस सुरू करू नका. कशावरून करणार?

## ८. वजन, कापणं, आणि डोकं

काट्यावर रिकामी पाटी ठेवून शून्य दिसतं का बघा. माशातलं पाणी आणि बर्फ झटकायला सांगा. वजन अख्ख्या माशाचंच होणार, त्यात वाद नाही. पण कापल्यानंतर डोकं, शेपटीकडचा भाग, मोठ्या माशाचा मधला काटा सगळं पिशवीत मागून घ्या. पैसे त्याचेही दिलेत. कटल्याच्या किंवा सुरमईच्या डोक्याचं आमसूल घालून केलेलं कालवण दुसऱ्या दिवशीचं जेवण होतं.

तुकड्या किती जाड हव्यात ते सुरी लागण्याआधी सांगा. तळायला बोटभर, कालवणाला थोड्या जाड. बांगडा दोनच दिवसांत खाणार असाल तर कापून आणा. गोठवायचा असेल तर फक्त पोट साफ करून अख्खा आणा, जास्त टिकतो.

## ९. घरी आल्यावर अर्ध्या तासात

धुऊन, निथळून, आज लागेल तेवढा बाहेर. उद्याचा मासा फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, झाकून, खाली चाळण ठेवून म्हणजे स्वतःच्याच पाण्यात बसणार नाही. मीठ-मसाला लावून दोन दिवस ठेवणं ही सवय सोडा. मसाल्याने वास झाकतो, मासा टिकत नाही.

गोठवायचं असेल तर एका जेवणापुरते गठ्ठे करा, हवा काढा, तारीख लिहा. बांगडा, तारली यांत तेल जास्त, ते खवट होतं. महिन्याभरात संपवा. कमी तेलाचे मासे घरच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ठीक राहतात. वितळवायचा तो फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर, ओट्यावर नाही.

सावधान: बाजारात आधीच गोठलेला आणि वितळलेला मासा पुन्हा गोठवू नका. जून-जुलैत घेताना हे विचारूनच घ्या.

## १०. मे महिन्यात आगोट भरा

बंदीच्या दोन महिन्यांत ताज्याच्या मागे धावणं म्हणजे सगळ्यात महाग मासा सगळ्यात वाईट वेळी घेणं. एप्रिल-मे मध्ये सुकट, जवळा, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुके बोंबील घेऊन ठेवा; पावसाळ्याची ही बेगमी म्हणजेच आगोट. सोड्यांचा भाव ऐकून दचकू नका, तिथेही सातव्या टप्प्याचाच हिशोब लावा: पाण्यात भिजले की फुगतात, आणि मूठभर सोडे वांग्या-बटाट्यात चौघांना पुरतात.

घेताना हातात चुरगाळून बघा. कोरडे, हलके, वाळू न लागणारे हवेत. ओलसर आणि चिकट लागले तर मीठ मारून वजन वाढवलेलं असतं. घरी आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात, मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. बरणी फ्रीजमध्ये ठेवली तर उत्तम. शेजारच्या मजल्यावरच्यांशीही संबंध चांगले राहतात. जवळा भाजण्याआधी मात्र खिडक्या उघडा आणि सोसायटीतल्या कुणाकडे सत्यनारायण नाही ना, तेवढं विचारून घ्या.